कर्नल जेम्स स्किनर ऊर्फ सिकंदर साहेब

विद्यार्थी मित्रहो, आपल्या सावरगावात घरी मराठी आणि कचेरीत हिंदी चालते. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे भोपाळला आपण मराठी आणि नागपूरला एमपीवाले ठरतो. याहून कितीतरी कठीण प्रश्न एका शूर माणसाला जन्मभर पडला. या अंकात त्यांची ओळख करून देत आहोत.

जेम्स स्किनर यांचा जन्म 1778 साली झाला. वडील कंपनी सरकारच्या फौजेतील स्कॉटिश अधिकारी, तर आई राजपूत. मुलाने फौजेत जावे हे साहजिक होते. पण 1791 साली कंपनीने नियम केला की आई किंवा वडील हिंदी असलेल्यास अधिकारपद मिळणार नाही. वडिलांच्या फौजेचे दार मुलाला बंद झाले. त्यांना कलकत्त्याच्या एका छापखान्यात कामाला लावले, तेथून ते तीनच दिवसांत पळाले.

पुढे दौलतराव शिंद्यांच्या फौजेत, फ्रेंच सेनापतींच्या हाताखाली, त्यांना जागा मिळाली. 1800 साली उनियाराच्या लढाईत ते जबर जखमी होऊन रणांगणावर पडून राहिले. चर्मकार समाजातील एका म्हातारीने भाकर-पाणी दिले. शेजारी पडलेल्या राजपूत सुभेदाराने विटाळाच्या भीतीने ते नाकारले, स्किनर यांनी घेतले. बरे झाल्यावर त्यांनी तिला आई मानून पैसे पाठवले. वाचलो तर चर्च बांधीन, हा तेथे केलेला नवसही त्यांनी फेडला. दिल्लीचे सेंट जेम्स चर्च 1836 साली पूर्ण झाले.

1803 साली इंग्रजांशी युद्ध जवळ आले. सेनापती पेराँ यांनी इंग्रज रक्ताच्या सर्व अधिकाऱ्यांना काढून टाकले. स्किनर यांनी राहू देण्याची विनंती केली, ती मानली गेली नाही. कंपनीला ते हिंदी वाटत आणि शिंद्यांकडे इंग्रज! अखेर शिंद्यांविरुद्ध लढणार नाही, या अटीवर ते जनरल लेक यांच्याकडे गेले. तेथे त्यांनी पिवळ्या अंगरख्यांचे घोडदळ उभारले. आजही भारतीय सैन्यात स्किनर्स हॉर्स ही रेजिमेंट आहे.

मात्र दर्जाचे काय? घोडदळ त्यांच्या नावाने ओळखले जाई, लढाई त्यांच्या भरवशावर होई, पण कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या यादीत त्यांना जागा नव्हती. पन्नाशी गाठता गाठता त्यांना लेफ्टनंट कर्नलचा मान मिळाला. 1833 च्या सनदी कायद्याने जन्म, वंश व रंग यांवरून नोकरी नाकारू नये असे ठरले, तरी प्रत्यक्षात बदल फारच हळू झाला.

ते फारसी उत्तम लिहीत आणि हिंदी समाजातील जातीजमातींवर त्यांनी ग्रंथ रचला. लोक त्यांना सिकंदर साहेब म्हणत. 4 डिसेंबर 1841 रोजी हांसी येथे त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी त्यांनीच बांधलेल्या चर्चमध्ये आहे.

मित्रहो, एखाद्याला कामाला घेणे वेगळे आणि त्याला मानाची जागा देणे वेगळे. उद्या तुमच्यापैकी कोणी साहेब होईल, कोणी सरपंच होईल. तेव्हा कष्ट कोणाचे आणि खुर्ची कोणाची, एवढे जरूर तपासून पाहा, असे आम्हाला वाटते.