विहाराचा राखणदार : सेनापती गुआन यू

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा संपादक मंडळींनी आम्हाला बौद्ध देशातील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून मागितले. सम्राट अशोक, ह्युएन त्संग, अनागारिक धम्मपाल यांच्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. म्हणून आम्ही असा एक माणूस निवडला की जो हयातीत उपासक नव्हता, भिक्खू तर नव्हताच नव्हता. तो होता लढवय्या. हातून किती माणसे मेली याची मोजदाद नसलेला. आणि तरीसुद्धा चीनमधील कितीतरी विहारांत त्याची मूर्ती राखणदार म्हणून उभी असते. छातीपर्यंत रुळणारी दाढी, लालबुंद चेहरा, हातात लांब दांड्याचे रुंद पाते. कुंगफूचे सिनेमे बघणाऱ्या आपल्या वस्तीतल्या पोरांनी हा चेहरा नक्कीच कुठेतरी पाहिलेला असणार, फक्त नाव ठाऊक नसेल. त्याचे नाव गुआन यू.

गुआन यू इसवी सन २२० मध्ये मारला गेला, म्हणजे या गोष्टीला अठराशे वर्षे होऊन गेली. त्याचे गाव आजच्या शान्शी प्रांतात, मिठाच्या मोठ्या सरोवराजवळ. तरुणपणीच तो गाव सोडून पळाला. का पळाला, तर कुणा गावगुंडाला त्याने मारले म्हणून, असे लोक सांगतात. जुन्या इतिहासात मात्र कारण दिलेले नाही. पळत पळत तो उत्तरेकडे झुओ नावाच्या मुलखात आला आणि तिथे त्याला ल्यू बेई भेटला.

हा ल्यू बेई कोण? घराणे सांगायला हान राजवंशाचे, पण बाप लवकर वारलेला. आई आणि मुलगा गवती चपला विणून, चटया विणून विकायचे आणि पोट भरायचे. इसवी सन १८४ मध्ये पिवळी फडकी डोक्याला बांधून गोरगरीब शेतकऱ्यांनी राज्याविरुद्ध मोठा उठाव केला. तो मोडण्यासाठी जागोजागी माणसे गोळा केली जाऊ लागली. चपला विणणाऱ्या ल्यू बेईनेही आपली टोळी उभी केली. त्या टोळीत गुआन यू आणि त्याच मुलखातला झांग फेई असे दोघे जण आले, ते मरेपर्यंत त्याचे राहिले.

या तिघांनी फुललेल्या पीचच्या बागेत भाऊ होण्याची शपथ घेतली, हा प्रसंग चीनमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असतो. पण तो आहे चौदाव्या शतकातल्या कादंबरीतला. चेन शौ नावाच्या इतिहासकाराने तिसऱ्या शतकातच या मंडळींची चरित्रे लिहून ठेवली, त्यात बाग नाही आणि शपथविधीही नाही. त्यात एवढेच आहे की तिघे एका बिछान्यावर झोपत, सख्ख्या भावांसारखे वागत. आणि चार लोकांत मात्र गुआन यू व झांग फेई दिवसभर ल्यू बेईच्या बाजूला पहाऱ्यावर उभे असत. आम्हाला विचाराल तर बागेपेक्षा हा बिछानाच जास्त खरा वाटतो. ज्यांनी एका खोलीत आठ-दहा माणसांनी दिवस काढले आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

आता खरी कसोटी आली ती इसवी सन २०० मध्ये. हान सम्राट नावापुरता उरला होता आणि कारभार त्साओ त्साओ नावाच्या प्रबळ सेनापतीच्या हाती गेला होता. त्याने ल्यू बेईवर चाल केली. ल्यू बेई पळाला आणि उत्तरेतल्या युआन शाओच्या आश्रयाला गेला. गुआन यू शियापी शहर राखून होता, तो जिवंत सापडला. आता याचे मुंडके जाणार असेच कुणालाही वाटले असते. पण त्साओ त्साओला माणसांची पारख होती. त्याने कैद्याला मारले नाही, उलट सेनापतीचा हुद्दा दिला, मानाने वागवले. तरीही गुआन यूचे चित्त तिथे लागेना.

त्साओ त्साओने हे ओळखले. त्याच्या पदरी झांग ल्याओ नावाचा सरदार होता, गुआन यूचा मित्र. त्याला त्याने सांगितले की बाबा, तू मित्र म्हणून याच्या मनात काय आहे ते काढून घे. झांग ल्याओने विचारले. गुआन यूने काही लपवले नाही. त्साओ त्साओ आपल्याशी फार चांगला वागला हे तो जाणून होता. पण ल्यू बेईबरोबर मरण्याची शपथ झालेली, ती मोडता येत नव्हती. आपण राहणार नाही, मात्र या उपकाराची फेड करूनच जाऊ, असे त्याने सरळ सांगून टाकले.

आता बिचाऱ्या झांग ल्याओची अवस्था पाहा. धन्याला खरे सांगावे तर धनी कदाचित मित्राचा जीव घेईल. न सांगावे तर धन्याशी बेइमानी. या चरित्रात पराक्रमाचे प्रसंग पुष्कळ आहेत, पण आम्ही वाचताना थांबलो ते इथे. निष्ठा एका ठिकाणी असेल तर सोपी असते, दोन ठिकाणी असली की माणूस चिरडून निघतो. झांग ल्याओने शेवटी धन्याला बापाच्या जागी आणि मित्राला भावाच्या जागी धरले, आणि जाऊन खरे ते सांगितले. त्साओ त्साओ रागावला नाही. त्याला गुआन यूचे कौतुकच वाटले.

फेड करण्याची वेळ लवकरच आली. युआन शाओच्या यान ल्यांग नावाच्या सेनापतीने बाईमा या ठाण्याला वेढा घातला. त्साओ त्साओने झांग ल्याओ आणि गुआन यू यांनाच आघाडीला धाडले. गुआन यूने लांबून यान ल्यांगच्या रथाचे छत्र हेरले, घोडा पिटाळला आणि हजारोंच्या सैन्यात घुसून यान ल्यांगला भोसकले. त्याचे डोके कापून घेऊन तो परत आला, कुणालाही त्याला अडवता आले नाही. वेढा उठला. त्साओ त्साओने त्याला सरदारकी दिली, देणग्यांचा ढीग लावला. आता हा जाणार हे तो समजून चुकला होता.

आणि तो गेलाच. मिळालेली एकूण एक वस्तू त्याने मोहरबंद करून तिथेच ठेवली, निरोपाचे पत्र लिहिले आणि ल्यू बेईकडे निघाला. ल्यू बेई कुठे, तर युआन शाओच्या छावणीत. म्हणजे ज्याचा सेनापती आपण नुकताच मारला त्याच्याच दारात! त्साओ त्साओचे लोक पाठलागाला निघणार होते, पण त्याने त्यांना थांबवले. ज्याने त्याने आपल्या धन्याची चाकरी करावी, जाऊ द्या त्याला, असे त्याचे म्हणणे पडले. कादंबरीत या प्रवासात गुआन यू पाच नाकी ओलांडतो आणि सहा सरदार कापतो. इतिहासात त्यातले काही नाही. सोडून देणाऱ्याचा मोठेपणा मात्र इतिहासातही आहे. नाटक-कादंबरीत त्साओ त्साओला खलनायक ठरवले गेले. आम्हाला तो निदान या एका प्रकरणात गुआन यूच्या तोडीस तोड वाटतो.

पुढची वर्षे धावपळीची. इसवी सन २०८ मध्ये त्साओ त्साओ दक्षिणेवर चालून आला. ल्यू बेईने पूर्वेकडचा राजा सुन च्वान याच्याशी हातमिळवणी केली, लाल कड्यांजवळ त्साओ त्साओचा पराभव झाला. नंतर ल्यू बेई पश्चिमेला गेला आणि इसवी सन २१४ मध्ये सिचुआनचा मालक झाला. मागे मोक्याचा जिंग प्रांत राखायला ठेवला तो गुआन यूला. एका बिछान्यावर झोपणारे भाऊ असे शेकडो कोस लांब झाले.

त्याच्या सहनशक्तीची एक गोष्ट चेन शौनेही नोंदली आहे. डाव्या दंडात कधीतरी बाण घुसला होता. जखम भरली, पण पावसाळी हवेत हाड ठणकायचे. वैद्य म्हणाला की विष हाडात उतरले आहे, मांस चिरून हाड खरवडावे लागेल. गुआन यूने सरदारांना जेवायला बोलावले होते. त्याने तिथेच हात पुढे केला. रक्ताने भांडे भरून वाहिले, आणि हा दुसऱ्या हाताने मांस कापून खात, मद्य पीत गप्पा मारत होता. कादंबरीकाराने हा वैद्य म्हणून नामांकित हुआ तुओ याला आणून बसवले आहे, पण हुआ तुओ तर इसवी सन २०८ च्या आतच मरण पावला होता. गोष्टी अशाच फुगतात.

चेन शौने दोघा भावांविषयी एक मार्मिक नोंद केली आहे. गुआन यू साध्या शिपायांशी चांगला वागे, पण बड्या आणि शिकलेल्या लोकांशी उर्मट. झांग फेईचे बरोबर उलटे, तो बड्यांना मान देई आणि शिपायांना झोडपून काढी. दोघांचा शेवट या दोन खोडींनीच झाला.

इसवी सन २१९ मध्ये गुआन यूने उत्तरेला त्साओ त्साओच्या फान किल्ल्यावर चाल केली. पावसाची झड लागली, हान नदीला महापूर आला आणि मदतीला आलेल्या त्साओच्या सात तुकड्या पाण्यात बुडाल्या. त्यांचा एक सेनापती शरण आला. दुसरा पांग द. त्याचा चुलत भाऊ ल्यू बेईच्या चाकरीत होता, तू पण ये, मान मिळेल, असे त्याला सांगितले गेले. त्याने साफ नकार दिला. आपला धनी एकच, तो सोडणार नाही. गुआन यूने त्याला ठार केले.

इथे आम्हाला अडखळायला होते. एकोणीस वर्षांपूर्वी हाच गुआन यू असाच कैदी होता, मनाने असाच दुसऱ्याचा होता, आणि त्याला जीवदान मिळाले होते. पांग द हा त्याचाच आरसा होता. त्याला त्यात आपला चेहरा दिसला नाही, की दिसूनही हात थांबला नाही?

या विजयाने तो डोंगराएवढा चढला. सुन च्वानने आपल्या मुलासाठी त्याची मुलगी मागितली, तेव्हा त्याने दूताला शिव्या घालून परत लावले होते. मागे जियांगलिंग शहर सांभाळणारा मी फांग हा खुद्द ल्यू बेईचा मेहुणा. त्याला गुआन यू कायम तुच्छ लेखी. रसद वेळेवर आली नाही म्हणून परतल्यावर बघून घेईन अशी धमकी त्याने दिली. सुन च्वानचा सेनापती ल्वी मंग याने हे हेरले. आजारी असल्याचे सोंग करून तो मागे गेला, मग व्यापाऱ्याच्या वेशातील माणसे वल्ही मारत आहेत आणि पोटात शिपाई दडले आहेत अशा होड्या त्याने नदीतून आणल्या. मी फांगने दरवाजे उघडले.

ल्वी मंगने शहरात लूट होऊ दिली नाही. त्याच्या स्वतःच्या मुलखातल्या एका शिपायाने सरकारी चिलखत भिजू नये म्हणून एका घरातून बांबूची टोपी घेतली, एवढ्यासाठी त्याने रडत रडत त्याला देहदंड दिला. आपली बायकापोरे सुखरूप आहेत हे कळताच गुआन यूच्या सैनिकांची लढायची इच्छा संपली, ते पांगले. मुलगा गुआन पिंग आणि मोजकी माणसे घेऊन तो माइचंगकडे सरला, वाटेत सापडला. बाप-लेक दोघांनाही मारले. सुन च्वानने त्याचे डोके त्साओ त्साओकडे पाठवले. त्साओ त्साओने ते सरदाराच्या इतमामाने लोयांगजवळ पुरले. काही आठवड्यांतच तोही वारला. धड राहिले दांगयांगला.

मी फांगचा थोरला भाऊ मी झू ल्यू बेईपाशी होता. धाकट्याची फितुरी ऐकून त्याने स्वतःला दोरीने बांधून घेतले आणि शिक्षा मागायला गेला. ल्यू बेईने त्याला समजावले, तुझा काय दोष म्हणून. पण त्या माणसाने खंत घेतली, वर्षाहून थोड्या अधिक काळाने गेला. या धरणीवर किती तऱ्हेची इमानी माणसे होऊन जातात!

ल्यू बेईने सूड घ्यायचे ठरवले. झाओ युनसारख्या जुन्या सरदाराने सांगून पाहिले की खरे वैर त्साओच्या घराण्याशी आहे. तो ऐकेना. निघता निघता, इसवी सन २२१ मध्ये, झांग फेईला त्याच्याच दोन हाताखालच्या माणसांनी मारले आणि डोके सुन च्वानकडे नेले. इसवी सन २२२ मध्ये यीलिंगला ल्यू बेईच्या छावण्या जाळल्या गेल्या, आणि दुसऱ्या वर्षी तो बायदीचंगला मरण पावला. एवढ्याने संपले नाही. इसवी सन २६३ मध्ये त्याचे राज्य बुडाले, तेव्हा पांग दच्या मुलाने गुआन यूचे सारे कुटुंब कापून काढले, अशी एक जुनी नोंद आहे. चव्वेचाळीस वर्षे त्या पोराने ती आग पोटात ठेवली होती.

मग हा माणूस विहारात कसा आला? दांगयांगजवळच्या युच्वान डोंगरावर इसवी सन ५९२ च्या सुमारास तिएनताई पंथाचे संस्थापक भिक्खू झियी यांनी विहार उभारला. पुढे कथा रुजली की गुआन यूचा आत्मा तिथे भटकत होता, आपले डोके मागत होता. कथेच्या एका रूपात भिक्खू त्याला उलट विचारतो की तू ज्यांची डोकी कापलीस त्या यान ल्यांगसारख्यांनी आपली डोकी कुणाकडे मागायची? गुआन यू निरुत्तर होतो. झियींच्या कथेत तो पंचशील घेतो, विहार बांधायला मदत करतो आणि त्याचा राखणदार होतो. पंचशीलातले पहिले शील कोणते ते इथे लिहायला नको. आपण भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, पण ही कथा रचणाऱ्याच्या डोळ्यापुढे अंगुलिमाल होता की काय, असे आम्हाला राहून राहून वाटते. चीनमध्ये गुआन यूला या रूपात छ्येलान म्हणतात, आणि तो शब्द म्हणजे आपल्या संघाराम या शब्दाचेच चिनी रूप.

बाहेर मात्र त्याचा देव झाला. इसवी सन १६१४ मध्ये मिंग सम्राटाने त्याला सम्राटपदाची पदवी दिली. व्यापारी त्याला पुजतात, कारण दिलेला शब्द तो पाळतो. मुंबईतही त्याचे एक मंदिर आहे, माझगावला. ग्वांगदोंग प्रांतातल्या चार तालुक्यांतून आलेल्या चिनी लोकांनी १९१९ मध्ये ते बांधले. १९६२ च्या युद्धानंतर चिनी कुटुंबे बरीच कमी झाली, पण मंदिर उभे आहे. खालच्या मजल्यावर क्वान यिन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, आणि वरच्या मजल्यावर हा गुआन यू. चिनी नववर्षाला तिथे लोक जमतात. नवस बोलायला नव्हे, पण एवढे चरित्र वाचल्यावर तो चेहरा बघावा म्हणून विहारातल्या कराटे वर्गाच्या मुलांना येत्या नववर्षाला तिकडे नेण्याचा आमचा विचार आहे. ज्या पालकांना यायचे असेल त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर आमच्याकडे नाव द्यावे.