तीर्थयात्री राजमाता हेलेना

आपल्यापैकी जे कोणी जेरुसलेम-बेथलेहेमच्या सहलीला जाऊन आले असतील, त्यांनी गाइडच्या तोंडून एका बाईंचे नाव हमखास ऐकले असेल. त्या म्हणजे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आई, हेलेना.

त्यांचा जन्म इ.स. २५० च्या सुमाराचा, अगदी साध्या घरातला. त्या वाटसरूंच्या मुक्कामाच्या ठिकाणी काम करीत, असे बिशप अँब्रोज यांनी नोंदवले आहे. कॉन्स्टंटियस या सैन्याधिकाऱ्याबरोबर संसार झाला, मुलगा झाला. पण नवरा मोठ्या पदावर चढू लागला तशी त्याने हेलेनाला सोडले आणि सम्राट मॅक्सिमियनच्या घरातल्या थिओडोराशी लग्न केले. पुढे कित्येक वर्षे हेलेनाचा उल्लेखच सापडत नाही. ३०६ साली मुलगा सम्राट झाला आणि त्याने आईला मानाने दरबारी आणले. नाण्यांवर तिची छबीही आली.

३२६ साली घरातच आक्रीत घडले. कॉन्स्टंटाइनने आपला थोरला मुलगा क्रिस्पस याला ठार करविले. पाठोपाठ राणी फॉस्टाचाही शेवट झाला. त्यानंतर लवकरच, पंचाहत्तरी उलटलेली ही आजी पॅलेस्टाइनच्या यात्रेला निघाली. दरबारी कारणेही असतील, पण मला तरी यामागे नातवाचे दुःख दिसते.

मुलाने तिला राजकोशातून हवा तेवढा खर्च करण्याची मुभा दिली होती. (आम्हा बँकवाल्यांना असे बिनमर्यादेचे अधिकारपत्र ऐकूनच धडकी भरते!) तिने तो पैसा गोरगरिबांना, सैनिकांना, कैद्यांच्या सुटकेसाठी वाटला. बेथलेहेमला येशूच्या जन्माची मानलेल्या गुहेवर आणि ऑलिव्ह पर्वतावर चर्चे उभारली. हे समकालीन युसेबियसने लिहून ठेवले आहे. तिला खरा क्रूस सापडल्याची प्रसिद्ध कथा मात्र त्याच्याकडे नाही. ती साठेक वर्षांनंतरच्या लेखनात येते.

बेथलेहेमचे आजचे चर्च सहाव्या शतकातले. पण तिथल्या जमिनीतल्या लाकडी झडपा उघडल्या की खाली चौथ्या शतकातली मोझेकची फरशी दिसते. जाल तेव्हा ती नक्की पाहा.

३३० च्या सुमारास हेलेना वारली, मुलगा जवळ होता. तिची लाल दगडाची भव्य शवपेटी व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. त्यावर घोडेस्वार आणि बंदिवान कोरलेले आहेत. ती मुळात एखाद्या पुरुषासाठी घडवली असावी, असे अभ्यासक मानतात.