काडेपेटीएवढी पुस्तके

१८२६ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात हॉवर्थ नावाचे एक चढावरचे गाव आहे. तेथील धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटे कामानिमित्त लीड्स शहरी गेले होते. परत आले तेव्हा रात्र झाली होती, मुले झोपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वर्षांचा होत आलेला ब्रॅनवेल एक पेटी घेऊन बहिणींच्या खोलीच्या दाराशी आला. वडिलांनी त्याच्यासाठी आणलेले बारा लाकडी शिपाई त्या पेटीत होते. शार्लट आणि एमिली अंथरुणातून उड्या मारूनच उठल्या. शार्लट दहा वर्षांची होती. तिने सर्वांत उंच आणि देखणा शिपाई झडप घालून उचलला आणि तो आपला ड्यूक ऑफ वेलिंग्टन असल्याचे जाहीर केले. एमिलीने एक गंभीर चेहऱ्याचा निवडला. धाकटी ॲन मागाहून आली, तिच्या वाट्याला एक लहानसा, विचित्रसा शिपाई आला. ब्रॅनवेलने आपल्याला बोनापार्ट घेतला.

हा वेलिंग्टन आपल्याला अगदीच परका नाही. वॉटर्लूच्या आधी बारा वर्षे, १८०३ च्या ऑगस्टात त्याने नगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात जो शत्रू म्हणून येतो, तोच एका इंग्रज मुलीच्या बालपणीचा नायक व्हावा, याची मला हे वाचताना मोठी गंमत वाटली.

या घराची पार्श्वभूमी थोडी सांगितली पाहिजे. आई १८२१ मध्ये वारली. सहा मुलांचा सांभाळ करायला दूरच्या पेन्झान्सहून मावशी आली. १८२४ मध्ये चार मुलींना कॉवन ब्रिज येथील निवासी शाळेत घातले आणि पुढच्याच वर्षी मराया व एलिझाबेथ या थोरल्या दोघी तेथून आजारी होऊन घरी आल्या त्या मरायलाच. नवव्या वर्षी शार्लट घरातली सर्वांत मोठी मुलगी झाली. घराच्या समोर दफनभूमी, पाठीमागे मैलोगणती माळरान, आणि गावात बरोबरीचे सवंगडी नाहीत. अशा घरात ती शिपायांची पेटी आली.

पुढे जे झाले ते आपल्याकडच्या भातुकलीच्या फार पलीकडचे होते. शिपायांना नावे मिळाली, मग चरित्रे मिळाली. ते जहाजात बसून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले, तेथे त्यांनी काचनगर वसवले. चौघी भावंडे त्या नगरीच्या चार अद्भुत देवता झाली. वाटेल त्याला मारावे आणि वाटेल त्याला पुन्हा जिवंत करावे! ज्या घरात दोन बहिणी परत उठल्या नाहीत, त्या घरातल्या मुलांनी हा अधिकार आपल्याकडे घ्यावा, याचे मला तरी आश्चर्य वाटत नाही.

घरात ब्लॅकवुड्स नावाचे मासिक वाचले जाई. तेव्हा या शिपायांनाही मासिक हवेच. १८२९ च्या जानेवारीत ब्रॅनवेलने ते सुरू केले, ऑगस्टमध्ये त्याचे संपादन शार्लटने हाती घेतले. शिपायांना वाचता यावे म्हणून अंक त्यांच्याच मापाचे, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि सहा सेंटिमीटर उंच. आपल्या काडेपेटीएवढे म्हणा ना! कागद मिळेल तो, साखरेच्या पुड्याचासुद्धा. पाने सुईदोऱ्याने शिवलेली. अक्षर छापल्यासारखे दिसावे म्हणून मुद्दाम सुटे सुटे आणि इतके बारीक, की भिंगाशिवाय वाचणे कठीण. आत कथा, कविता, परीक्षणे, जाहिराती, सगळे काही. चौदाव्या वर्षी शार्लटने आपल्या आजवरच्या ग्रंथसंपदेची रीतसर यादी केली, ती बावीस खंडांची भरली. या वयापर्यंत तिला या उद्योगाची लाज वाटत होती असे कोठेही दिसत नाही. उलट यादी करणाऱ्याच्या मनात अभिमान असतो.

लाज आली ती १८३१ च्या जानेवारीत. त्या वेळी तिला मर्फील्डजवळ रो हेड येथे मिस वुलर यांच्या शाळेत ठेवले. आपण एरवी कसे दिसतो हे आपल्या घरात कळत नाही, ते परक्या अंगणात गेल्यावर कळते. शार्लटचे कपडे जुन्या वळणाचे, बोलण्यात वडिलांचा आयरिश हेल, आणि डोळे इतके अधू की पुस्तक नाकाला लावून वाचावे लागे. चेंडूचे खेळ तिला ठाऊकच नव्हते. मधल्या सुट्टीत ती झाडाखाली उभी राही. मेरी टेलर नावाच्या स्पष्टवक्त्या मैत्रिणीने तर तू कुरूप आहेस असे तिला तोंडावर सांगून टाकले. (मेरीला पुढे त्याचा पश्चात्ताप झाला.)

या मेरीलाच शार्लटने प्रथम घरच्या मासिकाचे गुपित सांगितले. तिचे अक्षर छापल्यासारखे का, या चौकशीतून ते निघाले. भावंडेच लिहितात, भावंडेच वाचतात, तिसरे कोणी नाही. त्यातली एक गोष्टही तिने सांगितली. मग अंक दाखवण्याचे कबूल केले आणि लगेच शब्द फिरवला. मेरीने पुष्कळ विनवले, पण तो अंक तिला कधी पाहायला मिळाला नाही. पुढे मेरी न्यूझीलंडला जाऊन राहिली, तेही वेलिंग्टन शहरात! शार्लटच्या मृत्यूनंतर तिने तेथून जे आठवणींचे पत्र पाठवले, त्यात ही हकिगत आहे. तुम्ही भावंडे म्हणजे तळघरात लावलेले बटाटे आहात, असे मेरी तिला म्हणे. त्यावर शार्लटने प्रतिवाद केला नाही. खिन्नपणे ते खरे असल्याचे मान्य केले.

शब्द देऊन तो मागे घेणे म्हणजे काय, हे मला कळते. माझ्याजवळ काडेपेट्यांवरच्या छापांची एक वही होती. मोर, घोडा, जहाज, चाबी, असे तीनशेच्या वर छाप मी रस्त्यावरून वेचून, पाण्यात भिजवून, सोडवून चिकटवले होते. दहावीत असताना मावसभावाच्या हाती ती लागली आणि त्याने चार जणांत ती उघडली. ती माझी नव्हेच, शेजारच्या लहान मुलाची आहे, असे मी सांगून मोकळा झालो. ते छाप अजून आहेत, पण त्या दिवसानंतर त्यांत एकाचीही भर पडली नाही.

शार्लटचे तसे झाले नाही. ती लपवायला शिकली, पण थांबली नाही. १८३२ मध्ये ती घरी परतली, तेव्हा एमिली आणि ॲन यांनी आपले गोंडाल नावाचे वेगळे बेट वसवले होते. १८३४ मध्ये तिने आणि ब्रॅनवेलने काचनगरच्या पूर्वेला आंग्रिया हे नवे राज्य उभे केले. राजा झामोर्ना, म्हणजे त्या लाकडी वेलिंग्टनचा मुलगा. देखणा, निर्दय, बायकांची मने जिंकून मोडणारा. हे आता मुलांचे खेळ राहिले नव्हते. त्यात प्रेम, व्यभिचार, बंडाळी, सर्व आले होते. आणि ते लिहिणारी मुलगी धर्मोपदेशकाची कन्या होती, तिचे वय अठरा होते.

१८३५ च्या जुलैमध्ये ती रो हेडला पुन्हा गेली, या वेळी शिक्षिका म्हणून. येथून पुढची तीन वर्षे मला तिच्या आयुष्यातली सर्वांत जीवघेणी वाटतात. दिवसभर व्याकरण आणि भूगोल घोकून घ्यायचा, आणि मध्येच वाऱ्याचा एक झोत आला की आंग्रियाचे महाल डोळ्यांसमोर उभे राहायचे. या काळातले तिचे काही सुटे कागद उपलब्ध आहेत. ती चक्क डोळे मिटून लिहीत असे, आणि भोवतीच्या मुली तोंड वासून बघत बसत. १८३६ च्या ऑगस्टात एकदा असेच स्वप्न रंगात आले असताना एक मुलगी धडा घेऊन पुढे उभी राहिली. त्या क्षणी आपल्याला मळमळून आले, असे तिने नमूद केले आहे. आपले शिक्षकवर्ग हे वाचून काय म्हणतील कोण जाणे! परंतु त्याच शार्लटला या स्वप्नांचे भयही वाटे. एलन नसी ही तिची जिवलग मैत्रीण, मोठी धर्मशील. तिला शार्लटने आयुष्यभर शेकडो पत्रे लिहिली. आंग्रियाचे नाव मात्र एलनला कधी कळू दिले नाही. माझ्या डोक्यात काय चालते ते तुला कळले तर तुला माझी कीव येईल, माझा तिरस्कारही वाटेल, एवढेच तिने एका पत्रात सुचवले.

त्याच वर्षाच्या अखेरीस, २९ डिसेंबरला, तिने धीर करून राजकवी रॉबर्ट साउदी यांना पत्र लिहिले आणि आपल्या कविता अभिप्रायासाठी पाठवल्या. उत्तर मार्चमध्ये आले. दिवास्वप्नांत रमण्याच्या सवयीने मन आजारी होते आणि जगाच्या नेहमीच्या व्यवहारांना माणूस निकामी ठरतो, असे साउदींनी बजावले. साहित्य हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊही नये, असेही सांगितले. हे दुसरे वाक्य आज फार गाजले आहे आणि त्यावर साउदींना पुष्कळ बोल लागतात, ते योग्यच आहे. परंतु मला वाटते, शार्लटला खरे लागले ते पहिले. स्त्रियांनी लिहू नये हे तिने सगळीकडे ऐकले होते. तिचे गुपित दुखणे मात्र न सांगता या वृद्ध कवीने ओळखले होते. तिने नम्रपणे आभार मानले. आपल्या एकविसाव्या वाढदिवशी त्या पत्राच्या पाकिटावर हा उपदेश कायमचा जपून ठेवायचा आहे अशी नोंद केली. आणि त्यानंतर दोन वर्षे आंग्रियाच्या कथा लिहीत राहिली.

१८३९ च्या सुमारास तिने त्या राज्याचा निरोप घेतला. एका पानात तिने लिहून ठेवले आहे की ते चेहरे आपल्याला आप्तांसारखे झाले आहेत, पण त्या तापलेल्या प्रदेशातून आता जरा थंड, करड्या उजेडात जायला हवे. निरोप खरा होता, पूर्ण मात्र नव्हता. १८४३ मध्ये ब्रसेल्सच्या शाळेत ती सत्तावीस वर्षांची शिक्षिका होती. तेथून तिने ब्रॅनवेलला कळवले की संध्याकाळी मोठ्या शयनगृहात एकटी असले की पूर्वीच्याच वेडाने मी त्या जुन्या माणसांकडे वळते. हे ती फक्त त्यालाच लिहू शकत होती.

येथे एमिलीची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १८४५ च्या जूनअखेर एमिली आणि ॲन यॉर्कला सहलीला गेल्या. एक सव्वीस वर्षांची, दुसरी पंचवीस. सबंध प्रवासभर दोघी गोंडालची पात्रे झाल्या होत्या, निसटून पळणारे राजपुत्र आणि राजकन्या. ॲनचे मन त्यातून थोडे उडाले होते. एमिलीला मात्र त्यात लाजण्यासारखे काही आहे याची गंधवार्ता नव्हती. तिने ते सर्व आपल्या वाढदिवसाच्या टिपणात आनंदाने लिहून ठेवले आहे. एकाच घरात, एकाच खेळातून वाढलेल्या दोन बहिणी; एकीला जगाचे डोळे सतत दिसत, दुसरीला ते दिसतच नसत. मात्र पुढच्या शरद ऋतूत शार्लटने तिची कवितांची वही न विचारता वाचली, तेव्हा एमिली भयंकर संतापली. तेव्हा तिला लाज नव्हती, तरी कुंपण होतेच. १८४६ मध्ये तिघींच्या कविता पुरुषी टोपणनावांनी छापल्या, तेव्हा गोंडालची नावे त्यांतून काढून टाकली गेली. त्या पुस्तकाच्या वर्षभरात दोन प्रती खपल्या.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर १८४७ मध्ये जेन एअर आली आणि शार्लटचे नाव झाले, म्हणजे करर बेल या टोपणनावाचे झाले. आपण बी. ए. ला रॉचेस्टरचे स्वभावचित्र लिहितो, त्या रॉचेस्टरच्या अंगात झामोर्नाचे रक्त आहे. नायिका मात्र झामोर्नाच्या राण्यांसारखी रूपवती नाही. ती लहानखुरी, साधी, शाळेत शिकवणारी आहे. १८४८ मध्ये ब्रॅनवेल आणि एमिली, १८४९ मध्ये ॲन, अशी आठ महिन्यांत तिघे गेली. १८५० मध्ये शार्लटने बहिणींच्या पुस्तकासाठी चरित्रात्मक टिपण लिहिले. लहानपणापासून लेखक होण्याचे स्वप्न होते, एवढे तिने त्यात सांगितले. लाकडी शिपाई, काचनगर आणि आंग्रिया यांबद्दल अक्षर नाही.

३१ मार्च १८५५ रोजी, लग्नाला वर्षही झाले नव्हते, ती अडतिसाव्या वर्षी वारली. चरित्र लिहिण्यासाठी मिसेस गॅस्केल दुसऱ्या वर्षी हॉवर्थला आल्या, तेव्हा कागदांचे एक गाठोडे त्यांच्या हाती आले. ती इवली पाने पाहून त्या चक्रावल्या, आणि ही कल्पनाशक्ती वेडाच्या कडेला पोचलेली आहे असे त्यांचे मत झाले. म्हणजे शार्लट ज्याला भीत होती नेमका तोच शेरा. त्यांनी एका पानाचा ठसा चरित्रात छापला आणि गाठोडे परत केले. शार्लटचे पती आर्थर निकल्स ते घेऊन आयर्लंडला गेले. १८९५ मध्ये क्लेमंट शॉर्टर नावाचे संपादक त्यांना भेटले, तेव्हा ते कागद एका कपाटाच्या तळाशी वर्तमानपत्रात बांधलेले होते. तेथून ते बाहेर पडले, विकले गेले, देशोदेशी पांगले. १९४१ मध्ये फॅनी रॅचफर्ड या अमेरिकन विदुषीने त्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा कोठे लोकांना कळले की हा ऐवज शार्लटच्या छापील कादंबऱ्यांच्या तोडीस तोड भरेल.

मैत्रिणीपासून लपवले, वाचकांपासून लपवले, पण शार्लटने ते जाळले नाही. एकविसाव्या वर्षी नाही, नाव झाल्यावर नाही, लग्न होताना नाही. बेफिकीर एमिलीच्या गोंडालच्या गद्यकथांचे मात्र आज एकही पान शिल्लक नाही.

शार्लटने १८३० मध्ये केलेला मासिकाचा एक अंक २०१९ साली पॅरिसमध्ये लिलावात निघाला. हॉवर्थच्या ब्राँटे संग्रहालयाने लोकवर्गणीचीही मदत घेऊन तो सहा लाख युरोंना सोडवला. त्याच घरात, त्याचे भाईबंद अंक होते त्या ठिकाणी तो परत आला. मेरी टेलरला जो पाहायला मिळाला नाही तो अंक हाच की त्याच्या आधीचा एखादा, हे कोण सांगणार? आता तो काचेखाली असतो, आणि ज्याला पाहायचा त्याने जाऊन पाहावा.