कामगारांना आठ तास, स्वतःला अहोरात्र
डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची मधुमेहाशी झुंज

मनमाड - रेल्वेच्या या गावाला कामगार चळवळीच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली. तिचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भूषविले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी या परिषदेत ठामपणे मांडले. ब्राह्मणशाही म्हणजे एखाद्या जातीचा द्वेष नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा अभाव, हेही त्यांनी स्पष्ट केले. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागत. त्यामुळे अस्पृश्यांना पोर्टरची नोकरी मिळत नसे आणि जन्मभर गँगमन म्हणूनच राबावे लागे. हे गाऱ्हाणे त्यांनी तेथे वेशीवर टांगले.

मनमाडजवळच्याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी धर्मांतराची घोषणा केली होती. त्याच वर्षी मे महिन्यात पत्नी रमाबाई यांचे निधन झाले. वकिली, मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद, विधिमंडळातील काम, दौरे आणि लेखन अशी अनेक ओझी ते एकाच वेळी वाहत होते. दादरच्या राजगृहात त्यांच्या ग्रंथसंग्रहाला विस्तीर्ण जागा होती. वाचनात त्यांची रात्र कधी सरे, ते कळत नसे. मद्य आणि धूम्रपान यांपासून ते दूर राहिले. मात्र झोप आणि विश्रांती यांना त्यांच्या दिनक्रमात फारशी जागा उरली नाही.

कामगारांच्या आरोग्याचा पाया

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांनी मजूरमंत्री म्हणून सूत्रे हाती घेतली. या खात्याच्या कारकिर्दीतच कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा याच पायावर उभा राहिला. कारखान्यातील कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली. दिवसाचे आठ तास काम हा आज गृहीत धरला जाणारा हक्क असा आकाराला आला. बाबासाहेबांनी स्वतःला मात्र ही मर्यादा कधीच लावून घेतली नाही.

मसुदा आणि मधुमेह

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटना समितीने मसुदा समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. सात सदस्यांपैकी एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक जण परदेशी होते, एक संस्थानी कारभारात गुंतले होते, तर काही जण प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर राहिले. मसुद्याचा मुख्य भार अखेर आंबेडकरांवरच पडला, याची कबुली टी. टी. कृष्णम्माचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत दिली. मसुद्यावर साडेसात हजारांहून अधिक दुरुस्त्या आल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. त्यांना उत्तरे देण्याची जबाबदारी प्रामुख्याने त्यांचीच होती.

याच काळात त्यांची प्रकृती ढासळली. मधुमेहाने त्यांना ग्रासले होते. पायांतील मज्जातंतूंच्या वेदनांनी रात्रीची झोप हिरावली. इन्सुलिन आणि होमिओपॅथीची औषधे सुरू होती. रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली, की बारीक रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांना इजा होते आणि तिचा पहिला फटका बहुधा पायांना बसतो. इन्सुलिनचा शोध लागून त्या वेळी जेमतेम पाव शतक झाले होते. घरच्या घरी रक्तातील साखर मोजण्याची सोय नव्हती आणि गोळ्यांचा पर्यायही आजच्यासारखा उपलब्ध नव्हता.

उपचारांसाठी मुंबईला येणे होत असताना त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला. सविता आंबेडकर या नावाने पुढे परिचित झालेल्या या डॉक्टर पत्नीने अखेरपर्यंत त्यांच्या पथ्यपाण्याची व औषधांची जबाबदारी सांभाळली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्यघटना स्वीकारली गेली.

कायदेमंत्री म्हणून हिंदू संहिता विधेयक मार्गी लावण्याचा त्यांनी ध्यास घेतला होता. प्रकृतीची चिंता असल्याने उपचारांसाठी डॉक्टरांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हे विधेयक संमत व्हावे, अशी निकड त्यांनी ऑगस्ट १९५१ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना पत्राने कळविली. विधेयक रखडले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९५४ मध्ये जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळून होते. दृष्टीही मंदावली होती. तरीही बुद्धाच्या जीवनावरील व शिकवणीवरील ग्रंथाचे लेखन थांबले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि पुढच्याच महिन्यात ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील २६, अलीपूर रोड या निवासस्थानी झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ते ६५ वर्षांचे होते. ग्रंथ १९५७ मध्ये प्रकाशित झाला.

आजच्या नोकरदारांसाठी

मधुमेहामागे आनुवंशिकता, वाढते वय, बैठे काम, पोटाचा घेर, अपुरी झोप, ताण अशी अनेक कारणे एकत्र असतात. त्यामुळे एखाद्याच्या आजाराचे खापर एकाच कारणावर फोडता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. दिवसभर संगणकासमोर बसणारा कर्मचारी, मग तो रेल्वे कचेरीतला असो की बँकेतला, या धोक्यापासून दूर नाही. आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालणे, पुरेशी झोप, तसेच रक्तातील साखर व रक्तदाब यांची नियमित तपासणी हे उपाय फारसे खर्चाचे नाहीत. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला तातडीने घ्यायला हवा.

बाबासाहेबांपुढे देशाच्या घटनेचे काम होते आणि हाती साधने थोडी होती. आज साधने आहेत. त्यांनी मिळवून दिलेल्या आठ तासांनंतर उरणाऱ्या वेळातला थोडा वेळ कामगाराने आपल्या शरीरासाठी राखला, तर त्या हक्काचे चीज होईल.