द्राक्षमळ्यातला पोरगा आणि रक्तातली साखर : क्लोद बर्नार यांची गोष्ट

अपघातात जबर मार लागलेला माणूस आयसीयूत असतो. नर्स बोटाला सुई टोचते, मशीनवर २३० आकडा येतो. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक गोंधळतात. याला कधीच शुगर नव्हती, घराण्यात कुणाला नाही, मग ही आली कुठून? सलाईनमधून गेली की औषधाने चढली? बेळगाव असो, मडगाव असो की इंदूर, हा प्रश्न आयसीयूच्या दाराबाहेर ऐकू येतोच. त्याच्या उत्तराची सुरुवात शोधायची तर पावणेदोनशे वर्षे मागे, फ्रान्समधल्या एका शेतकऱ्याच्या पोरापर्यंत जावे लागते. त्याचे नाव क्लोद बर्नार.

औषधाच्या दुकानातली उमेदवारी

बर्नार यांचा जन्म १२ जुलै १८१३ चा. फ्रान्समध्ये लिऑन शहराच्या उत्तरेला द्राक्षमळ्यांचा मुलूख आहे, तिथल्या सँ-झुलियँ या लहान गावातला. वडील द्राक्षे पिकवून वाइन करायचे, पण धंदा काही बरकतीला आला नाही. गावच्या धर्मगुरूकडे थोडे लॅटिन, मग मिशनऱ्यांच्या शाळेत थोडे शिक्षण, आणि पुढे पैशाअभावी लिऑनजवळ एका औषधवाल्याकडे उमेदवारी. झाडलोट करायची, बाटल्या धुवायच्या, पुड्या बांधायच्या.

त्या दुकानात एक सर्वरोगहारी लेह्य खपायचे. बिघडलेली, उरलीसुरली औषधे त्यातच ढकलली जायची आणि गिऱ्हाइके ते भक्तिभावाने घेऊन जायची. पोराने हे सगळे डोळ्यांनी पाहिले. वैद्यकात नुसत्या विश्वासावर किती काय चालते याचा पहिला धडा तिथेच मिळाला असे म्हणायला हरकत नाही.

पोराचे मन मात्र नाटकात होते. त्याने लिहिलेली एक हलकीफुलकी नाटिका लिऑनमध्ये गाजली. मग पाच अंकी ऐतिहासिक नाटक लिहून काढले आणि १८३४ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, ते हस्तलिखित घेऊन गडी पॅरिसला पोहोचला. तिथल्या सँ-मार्क जिरार्दँ या नामवंत समीक्षकाने नाटक वाचले आणि आधी पोटापाण्याचे बघ, डॉक्टरकी शिक, असा सल्ला दिला. बर्नार यांनी तो ऐकला.

नापास झालेला हुशार माणूस

वैद्यकीय कॉलेजात ते काही पहिल्या रांगेतले विद्यार्थी नव्हते. पण फ्रान्स्वा माजांदी या कडक प्राध्यापकाने त्यांचा हात पाहिला. शस्त्र धरण्यात इतकी सफाई दुसऱ्या कुणाकडे नव्हती. १८४१ मध्ये माजांदींनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतले. १८४३ मध्ये डॉक्टरकीची पदवी मिळाली, पण पुढच्याच वर्षी अध्यापकपदाच्या परीक्षेत ते नापास झाले. खिशात पैसा नाही, नोकरी नाही. गावाकडे जाऊन दवाखाना थाटावा असा विचार मनात घोळू लागला.

१८४५ मध्ये लग्न ठरले. मुलगी पॅरिसमधल्या एका सुखवस्तू डॉक्टरांची. लग्नात आलेल्या हुंड्यावर संसार आणि संशोधन दोन्ही चालले. विज्ञानाच्या इतिहासातले एक मोठे काम हुंड्याच्या पैशावर उभे राहिले, हे सांगायला अवघड वाटते, पण खरे आहे. त्याची किंमतही पुढे चुकवावी लागली.

मांस खाणाऱ्या कुत्र्याच्या रक्तात साखर

त्या काळी शास्त्रज्ञांचे म्हणणे असे होते की साखर तयार करणे हे झाडापाल्याचे काम. प्राणी ती फक्त खातात आणि जाळतात. खाल्लेली साखर शरीरात नेमकी कुठे नाहीशी होते, हे शोधायला बर्नार निघाले होते. त्यासाठी तुलना म्हणून त्यांनी एका कुत्र्याला नुसत्या मांसावर ठेवले. त्याच्या रक्तात साखर सापडायला नको होती. १८४८ मध्ये तपासले, तर यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात भरपूर साखर होती. एखाद्याने चाचणीच चुकली म्हणून सोडून दिले असते. बर्नार यांनी पुन्हा पुन्हा तपासले आणि मग मान्य केले की साखर यकृत स्वतः तयार करते.

१८५५ मध्ये आणखी एक प्रयोग झाला. काढलेले यकृत त्यांनी पाण्याने साखरेचा अंश उरेपर्यंत नव्हे, तो पुरता संपेपर्यंत धुतले आणि तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो त्यात परत साखर. म्हणजे यकृताकडे कसला तरी साठा आहे, गरज पडली की त्यातून साखर सुटते. १८५७ मध्ये हा साठ्याचा पदार्थ त्यांनी वेगळा काढला आणि त्याला ग्लायकोजेन हे नाव दिले. घरात धान्याची कणगी असावी, तशी ही शरीरातली साखरेची कणगी.

कणगीला कुलूप कुणाचे?

त्याआधीच, १८४९ मध्ये, त्यांच्या हाती एक विलक्षण गोष्ट लागली होती. सशाच्या मेंदूच्या तळाशी एका ठराविक जागी सुई टोचली की थोड्याच वेळात त्याच्या रक्तात आणि लघवीत साखर दिसायची. काही तासांनी ती आपोआप जायची. ससा मधुमेही नव्हता. मज्जासंस्थेला धक्का बसला होता आणि यकृताने साठा मोकळा केला होता, एवढेच. पुढे रक्तस्राव झालेल्या जनावरांच्या रक्तातही त्यांना साखर वाढलेली दिसली. १८७७ मध्ये मधुमेहावरची त्यांची व्याख्याने ग्रंथरूपात आली, त्यात ही निरीक्षणे आहेत.

आजचे डॉक्टर ज्याला तणावामुळे चढलेली शुगर म्हणतात, तिची ही पहिली नोंद. मोठा अपघात, भाजणे, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, हृदयविकाराचा झटका, मोठे ऑपरेशन, कारण काहीही असो, शरीराला जिवावर बेतल्याचे कळते. अ‍ॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन ही संप्रेरके उसळतात, यकृत साखर सोडू लागते आणि इन्सुलिन असूनही स्नायू तिला दाद देत नाहीत. त्यात स्टेरॉइडसारखी औषधे चालू असतील तर आकडा आणखी चढतो. कोरोनाच्या साथीत अनेक घरांनी हे अनुभवले.

बर्नार यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. मधुमेहाचे मूळ ते यकृत आणि मज्जासंस्थेत शोधत राहिले. स्वादुपिंडाच्या पाचक रसावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, पण मधुमेहाचा धागा त्याच अवयवात आहे हे त्यांच्या हातून निसटले. ते १८८९ मध्ये जर्मनीत सिद्ध झाले आणि इन्सुलिन १९२१ मध्ये कॅनडात हाती आले.

मान मिळाला, घर मोडले

१८५४ मध्ये ते विज्ञान अकादमीवर निवडून गेले, पुढच्या वर्षी माजांदींच्या जागी प्राध्यापक झाले. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने प्रयोगशाळा दिली, सिनेटर केले. पण तोवर बरीच वर्षे ओल्या, अंधाऱ्या तळघरासारख्या खोल्यांत काम करून तब्येत ढासळली होती. आजारपणात ते सँ-झुलियँला जाऊन राहिले आणि १८६५ मध्ये प्रायोगिक वैद्यकावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. शरीराच्या आत एक पातळ सृष्टी आहे, बाहेर काहीही होवो, तिचा तोल सांभाळला तरच जीव टिकतो, हा विचार ही त्यांची सर्वात मोठी देणगी. ते खचू नयेत म्हणून लुई पाश्चर यांनी त्यांच्या कामाचा गौरव करणारा लेखही छापला होता.

घरी मात्र वेगळेच चालले होते. जिवंत जनावरांवरचे प्रयोग पत्नीला असह्य होत. मुलीही आईच्या बाजूने. दोन मुलगे तान्हेपणीच गेले होते. १८६९ मध्ये पती-पत्नी वेगळे झाले. ज्या कुत्र्यांच्या जिवावर हे ज्ञान मिळाले, त्यांचा हिशेब घरातल्याच माणसांनी मांडला. तो हिशेब चुकीचा होता असे आजही कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही.

१० फेब्रुवारी १८७८ रोजी पॅरिसमध्ये बर्नार गेले. सरकारी इतमामात अंत्यविधी झालेले ते फ्रान्सचे पहिले शास्त्रज्ञ. गावातल्या त्यांच्या घरात आज संग्रहालय आहे आणि लिऑनच्या एका विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

आज आयसीयूत काय करतात?

वाढलेली साखर जखम भरू देत नाही, जंतुसंसर्गाला वाव देते. म्हणून ती किती खाली आणायची यावर बराच वाद झाला. २००१ मध्ये बेल्जियममधल्या अभ्यासात ८० ते ११० इतकी काटेकोर साखर ठेवल्याने मृत्यू कमी झाले. पण २००९ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा आदी देशांतल्या ६ हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात उलटे दिसले. काटेकोर गटात २७.५ टक्के रुग्ण दगावले, सैल गटात २४.९ टक्के. काटेकोर गटात साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रकारही खूप जास्त होते. आता साधारण १८० च्या वर गेली की इन्सुलिन सुरू करतात आणि बहुतेकांची साखर १४० ते १८० मध्ये ठेवतात.

त्यामुळे नातेवाईकांनी आकडा बघून घाबरू नये, आणि दुर्लक्षही करू नये. आधीच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी केली की मधुमेह जुना आहे की साखर आजारपणापुरती आहे याचा अंदाज येतो. रक्त चढवले असेल तर तो आकडा फसवू शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच अर्थ लावावा. घरी आल्यावर काही महिन्यांनी साखर पुन्हा तपासावी, कारण अशा रुग्णांपैकी काहींना पुढे मधुमेह जडतो.

बर्नार यांचा ससा काही तासांत बरा झाला होता. माणसाला थोडे दिवस लागतात, आणि तेवढे दिवस आकड्यावर नजर ठेवणारे कुणीतरी जवळ असावे लागते.