बेर्तोले आणि नाट्रॉनची सरोवरे

बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथे खाऱ्या पाण्याचे एक सरोवर आहे, हे तुम्हांस ठाऊक असेलच. मी येरवड्याच्या एका शाळेत असताना एके वर्षी आम्ही मुलांची सहल तेथे नेली होती. उन्हाळा जवळ आला होता. पाणी काठापासून मागे सरले होते आणि वाळत्या चिखलावर पांढरी पापडी धरली होती. अकबर बादशहाच्या काळी लिहिलेल्या ऐने अकबरी या ग्रंथात, या डोंगराळ भागात काच व साबण बनवण्याचे जिन्नस मिळतात, अशी नोंद आहे. ते जिन्नस म्हणजे हाच खार होय. एका मुलाने ती पापडी बोटावर घेतली आणि एकाच पाण्यात मीठही आणि धुण्याचा सोडाही कसा आला, असे मला विचारले. त्या प्रश्नाचे पुरते उत्तर मला तेव्हा देता आले नाही. परंतु असाच प्रश्न सव्वादोनशे वर्षांपूर्वी मिसर देशातील सरोवरांच्या काठी एका फ्रेंच शास्त्रज्ञाला पडला होता. त्याची कथा परतीच्या वाटेवर मी मुलांना सांगितली. तीच येथे थोडी विस्ताराने सांगतो.

क्लॉद लुई बेर्तोले याचा जन्म १७४८ साली आल्प्स पर्वताच्या कुशीतील तालवार या गावी झाला. सॅव्हॉय नावाचा तो मुलूख तेव्हा फ्रान्समध्ये मोडत नसे. तुरीन येथे वैद्यकाची पदवी घेऊन १७७२ साली तो पॅरिसला आला. तेथे एका सरदार घराण्याचा वैद्य म्हणून त्याला आश्रय मिळाला. पण त्याचे मन नाडीपेक्षा भट्टीत आणि काचपात्रांत अधिक रमे. १७८० साली विज्ञान अकादमीने त्याला आपला सदस्य करून घेतले.

त्या काळी रसायनशास्त्रात मोठी खळबळ उडाली होती. ज्वलन म्हणजे हवेतील प्राणवायूशी होणारा संयोग, असे लाव्हॉझ्ये सांगत होता आणि जुन्या मताचे पंडित त्याला विरोध करीत होते. बेर्तोलेही प्रथम विरोधकांतच होता. पण प्रयोगांनी खात्री पटताच १७८५ साली त्याने आपले मत चुकले, असे भर अकादमीत मान्य केले. त्याच सुमारास क्लोरीन वायूने कापडाचा रंग उडतो, हे त्याच्या ध्यानात आले. तोवर कापड पांढरे करावयाचे म्हणजे ते आठवडेच्या आठवडे हिरवळीवर उन्हात पसरून ठेवावे लागे. आता ते काम काही तासांत होऊ लागले. या शोधाचा मक्ता त्याने घेतला असता तर तो गडगंज झाला असता. त्याने मात्र आपली रीत जो विचारील त्याला सांगितली. वाफेच्या यंत्रामुळे प्रसिद्ध झालेला जेम्स वॅट पॅरिसला आला, तेव्हा त्यालाही ती करून दाखवली.

पुढे फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. १७९४ च्या मे महिन्यात लाव्हॉझ्येचा शिरच्छेद झाला. त्या भयानक दिवसांतील एक आख्यायिका बेर्तोलेविषयी सांगतात. सैन्यासाठी आलेल्या दारूच्या पिंपात गाळ आढळला आणि पुरवठादारांनी विष घातले, असा बोभाटा झाला. बेर्तोलेकडे तपासणी सोपवण्यात आली. विष नाही, असा अहवाल त्याने दिला. सत्ताधाऱ्यांना तो रुचण्याजोगा नव्हता. त्यांना पुरवठादार दोषी ठरलेले हवे होते. रोब्सपियरने त्याला बोलावून जाब विचारला. बेर्तोलेने तीच दारू गाळून घेतली आणि पेला भरून त्याच्या देखत पिऊन टाकली. त्याच्या धैर्याची तारीफ झाली तेव्हा, त्या अहवालावर सही करताना याहून अधिक धैर्य लागले, असे उत्तर त्याने दिले म्हणतात.

१७९५ साली शिक्षक तयार करण्यासाठी पॅरिसमध्ये नवी शाळा निघाली. तेथे रसायनशास्त्र शिकवण्यास बेर्तोलेची नेमणूक झाली. पण त्याची व्याख्याने विद्यार्थ्यांना फार जड गेली. श्रोत्यांना पुष्कळ काही अगोदरच ठाऊक आहे, असे धरून तो पुढे जाई. विद्वत्ता आणि शिकवण्याची हातोटी या दोघी एकाच घरी नांदतातच असे नाही, हे मीही शाळेत अनेकदा पाहिले आहे. मात्र प्रयोगशाळेत दोन-चार तरुणांना हाताशी धरून शिकवावे ते बेर्तोलेनेच.

१७९८ साली नेपोलियन मिसरच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा त्याने आपल्याबरोबर शास्त्रज्ञांचा एक ताफाच नेला. त्यात बेर्तोले होता. नाईल नदीतून जाताना त्यांच्या नावांवर शत्रूने तोफांचा भडिमार केला. तेव्हा बेर्तोले शांतपणे आपल्या खिशांत दगड भरू लागला. नाव बुडालीच तर आपण लवकर तळाशी जावे आणि प्रेताची विटंबना होऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता. सुदैवाने नाव तरली.

१७९९ च्या जानेवारीत तो नाईलच्या पश्चिमेकडील वाळवंटात नाट्रॉनची सरोवरे पाहण्यास गेला. नाट्रॉन म्हणजे नैसर्गिक सोडा. प्राचीन मिसरी लोक मृतदेह टिकवण्यासाठी तो वापरीत. सरोवरांचे पाणी खारट होते, भोवतालच्या जमिनीत चुनखडी होती आणि काठावर सोड्याचे जाड थर साचले होते. हे पाहून बेर्तोले थबकला. प्रयोगशाळेत तर नेमके उलटे घडते. सोड्याच्या द्रावणात कॅल्शियम क्लोराइड घातले, की चुनखडीचा पांढरा साका तळाशी बसतो आणि पाण्यात मीठ उरते. येथे मीठ आणि चुनखडी यांपासून सोडा झालेला दिसत होता!

कोणता पदार्थ कोणाकडे अधिक ओढला जातो, याची कोष्टके तेव्हाचे रसायनशास्त्रज्ञ बाळगीत. बलवान पदार्थ दुर्बलाला हुसकून लावतो आणि क्रिया एकाच दिशेने पुरी होते, असा त्यांचा समज होता. बेर्तोलेने निराळा विचार केला. येथे मिठाचा साठा अमाप आहे. तयार झालेला सोडा पापडी होऊन काठावर अलग पडतो आणि दुसरा क्षार ओल धरून जमिनीत मुरतो. म्हणजे क्रियेची दिशा केवळ ओढीवर नव्हे, तर पदार्थ किती प्रमाणात आहेत आणि तयार झालेले पदार्थ तेथेच राहतात की निघून जातात, यांवरही ठरते. हा विचार त्याने त्याच वर्षी कैरो येथील विद्वत्सभेपुढे मांडला आणि १८०३ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या सरोवरांतील सोडा तयार होण्यात सूक्ष्मजंतूंचाही वाटा असतो, असे पुढे आढळून आले. पण त्यामुळे त्याच्या विचाराला बाध आला नाही.

चुन्याची भट्टी तुम्ही पाहिली असेल. तीत चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि चुनकळी उरते. ती पाण्यात विझवून, घाणीत मळून पुण्याच्या जुन्या वाड्यांच्या भिंती बांधल्या गेल्या. त्या भिंतींतील चुना हवेतून तोच वायू परत घेतो आणि वर्षानुवर्षे हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. भट्टीला तोंड असते म्हणून वायू सुटतो. बंद पात्रात चुनखडी तापवली तर काही भाग फुटेल, काही पुन्हा जुळेल आणि अखेर दोन्ही क्रिया सारख्याच वेगाने चालू लागतील. यालाच रासायनिक समतोल म्हणतात. येथे मुले हमखास चुकतात. समतोल झाला म्हणजे सारे थांबले, असे लिहितात. येरवड्याहून नदीच्या पुलावरून जितकी माणसे पुण्याकडे जातात तितकीच त्याच वेळात इकडे आली, तर दोन्ही तीरांवरील संख्या बदलत नाही. पूल मात्र रिकामा नसतो.

बेर्तोले सर्वच बाबतींत बरोबर होता, असे नाही. पदार्थांच्या प्रमाणाला इतके महत्त्व आहे, तर संयुगातील घटकांचे प्रमाणही बदलत असले पाहिजे, असे तो म्हणू लागला. प्रूस्त नावाच्या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे खोडून काढले. काही वर्षे चाललेल्या या वादात एकानेही शब्दाची मर्यादा सोडली नाही. अखेर जय प्रूस्तचा झाला. परंतु बेर्तोलेच्या मताबरोबर त्याचे क्रियांविषयीचे योग्य विचारही लोकांनी बाजूला सारले, ही हानी मोठी होती.

पॅरिसजवळ आर्क्यूय गावी त्याने घराशेजारी प्रयोगशाळा थाटली आणि तीवर इतका पैसा ओतला की तो कर्जबाजारी झाला. नेपोलियनला हे कळले तेव्हा त्याने ते कर्ज निवारले. तेथेच गे-ल्युसॅक हा तरुण त्याच्या हाताखाली काम करी. एकदा गुरूच्या अपेक्षेविरुद्ध प्रयोगाचे फळ आले. गे-ल्युसॅकने ते जसेच्या तसे पुढे ठेवले. बेर्तोले रागावला नाही. उलट, हा मुलगा शोध लावील, असे म्हणून त्याने त्याला अधिकच जवळ केले. हवा आणि वायू यांविषयीचे गे-ल्युसॅकचे नियम आज साऱ्या जगात शिकवले जातात.

१८२२ च्या नोव्हेंबरात आर्क्यूय येथेच बेर्तोलेचा अंत झाला. त्यानंतर बेचाळीस वर्षांनी, १८६४ साली, गुल्डबर्ग आणि वागे या नॉर्वेतील दोघा मेहुण्यांनी त्याचा बाजूला पडलेला विचार उचलून गणिताच्या नियमात बसवला. रायगड जिल्ह्यातील थळ येथील खताच्या कारखान्यात नत्र आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया करतात. तीही अशीच दोन्ही दिशांनी चालणारी क्रिया आहे. तयार झालेला अमोनिया थंड करून सतत काढून घेतात, म्हणून ती पुढे सरकत राहते. सरोवराच्या काठावर सोडा अलग पडत होता, तसेच हे आहे. १८८४ साली व्हान्ट हॉफ या डच शास्त्रज्ञाने असल्या क्रियांच्या समीकरणात एका बाणाऐवजी परस्परविरुद्ध दिशांचे दोन बाण काढले. वरच्या वर्गात गेल्यावर ते बाण तुमच्या वहीत येतील.