मजुरीचा जामीनदार

मुंबईत ना. म. जोशी मार्गावरून जाताना तो माणूस कोण, हे सहसा आठवत नाही. नारायण मल्हार जोशी १८७९ साली कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. १९०९ मध्ये नोकरी सोडून ते भारत सेवक समाजात गेले, १९११ मध्ये ‘सोशल सर्व्हिस लीग’ काढली, १९२० मध्ये ‘आयटक’ उभारण्यात पुढे राहिले.

१९२९ च्या व्हिटली आयोगाचे ते सदस्य. मजुरीतला वाटा मधला कंत्राटदार मारी आणि मालक हात वर करी. कामगारांची निवड, तास आणि पगार व्यवस्थापकाच्याच हाती हवेत, असे आयोगाने १९३१ मध्ये सुचवले.

जोशी १९५५ मध्ये गेले. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरवले, की कंत्राटदाराने कमी दिले तर उरलेली मजुरी मूळ मालकाने भरावी आणि ती त्याच्याकडून वसूल करावी.

मी बँकेत कर्जाला जामीनदार मागत असे. त्याची सही लागे. इथे सही न करताच मालक जामीनदार झाला! आपल्या सोसायटीचा रखवालदारही एजन्सीचाच असतो. त्याच्या हाती पूर्ण पगार पडतो का, हे कधी विचारले आहे आपण?